पाणी कोरं ठेवायचं

धामापूरच्या तळ्यावर मी उजाडता उजाडता पोचतो. डोंगराच्या माथ्यावरची झाडं आधी पिवळी होतात, मग ऊन हळूहळू खाली उतरतं आणि पाण्याला टेकलं की सगळं तळं एकदम पांढरं होतं. हा पांढरा माझ्या रंगाच्या डब्यात नाही. पारदर्शक जलरंगात उजेडाची जागा म्हणजे कोरा सोडलेला कागद. शाळेत चित्रकला शिकवली तेवढी वर्षं मी मुलांना हेच सांगत आलो.

ही रीत आमच्याकडे रुजवणाऱ्यांत मला सर्वांत जवळचे वाटतात ते सावळाराम लक्ष्मण हळदणकर. जन्म सावंतवाडीचा, 1882 सालचा. राजवाड्यासमोरचा मोती तलाव 1874 चा, म्हणजे त्यांच्याहून आठच वर्षांनी थोरला. संस्थानाने या मुलाचा हात ओळखला आणि 1903 साली त्याला मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये पाठवलं. तिथे सेसिल बर्न्स प्राचार्य, शिकवायला चित्रकार धुरंधर. पुढे 1908 साली हळदणकरांनी स्वतःची कलासंस्था काढली. त्यांचं नाव घेतलं की लोकांना दिवा घेतलेली ती तरुणी आठवते; मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ते निसर्गचित्र नव्हे. पण ज्योतीआड धरलेली तिची बोटं पाहा: उन्हात धरलेल्या कोवळ्या पानासारखी आतून तांबूस. असा उजेड पाहायची सवय उघड्यावर बसूनच लागते, असं माझं ठाम मत आहे.

त्यांच्या आधीचे कोल्हापूरचे आबालाल रहिमान. तेही जे. जे. मध्ये शिकले, पण कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थ तलावाच्या परिसरात रमले. 1922 साली शाहू महाराज गेले, तेव्हा दुःखाच्या भरात त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थात बुडवली, असं सांगतात. ते आठवलं की अजून माझा कुंचला हातातच राहतो. आमच्या तळ्याची आख्यायिका याच्या उलट. फुलांचे दागिने परडीत घालून पाण्यावर सोडले की काठावरच्या देवळातली भगवती लग्नाकार्यासाठी सोन्याचे दागिने देई. कुणीतरी ते परत केले नाहीत आणि देणं थांबलं.

आम्ही याला निसर्गचित्र म्हणतो खरं, पण हे तळं निसर्गाने केलेलं नाही. 1530 साली विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी गावकऱ्यांना घेऊन इथे मातीचा बांध घातला, तो शेतीच्या पाण्यासाठी. 2020 साली या तळ्याला जागतिक सिंचन वारसा म्हणून मान मिळाला, तेव्हा मला आनंद झाला तो त्या बांधावर माती टाकणाऱ्या हातांसाठी. मी ज्या पांढऱ्यासाठी पहाटे उठतो, तो त्यांनी अडवून ठेवला आहे.

श्रावणात इथे कागद वाळता वाळत नाही. आकाशाचा वॉश ओला असतानाच डोंगर त्यात उतरतो. गेल्या श्रावणात असाच वाट पाहत बसलो होतो. देवळातून परतणारी एक आजी मागे उभी राहून बराच वेळ कागद बघत होती.

"मास्तरानू, पाणी रंगवूक इसारलात काय?"

मी तिला बाजूला बसवलं आणि म्हटलं, "आजी, जरा थांब. ऊन येऊ दे."