बेंबळीचे अठरा बाइट

जुन्या मोडी कागदांत ‘मौजे’ हा शब्द बहुधा पुरता लिहिलेला सापडत नाही. ‘मौ’ लिहून कारकून पुढे दोन दंड ओढी. हात घाईत असला तरी शब्द तोडल्याची कबुली त्या दंडांत असे. डेटाबेसचा इतिहास वाचताना आम्हाला हे दंड वारंवार आठवतात.

१९२८ साली आलेल्या आयबीएमच्या पंचकार्डावर ८० रकाने होते; ८१व्या अक्षराला जागाच नव्हती. पुढे यंत्रे बदलली, रकान्याची मर्यादा मात्र राहिली. १९९२च्या एसक्यूएल प्रमाणाने निवाडा स्वच्छ दिला : मजकूर मर्यादेबाहेर गेला तर नोंद नाकारावी, जादा भाग निव्वळ मोकळ्या जागांचा असेल तरच तो कापावा. आचार वेगळाच राहिला. पोस्टग्रेसक्यूएल २००२च्या ७.२ आवृत्तीपर्यंत जादा अक्षरे निमूट कापी. मायएसक्यूएलमध्ये नकाराची कडक रीत आपसूक लागू झाली ती २०१५च्या ५.७ आवृत्तीत. तोवर कापल्याचा इशारा मिळे. पण तो वाचतो कोण?

मराठीला हा काच अधिक. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. मात्रा, वेलांटी, अनुस्वार हेही निराळे मोजले जातात. ‘बेंबळी’ म्हणजे ६ चिन्हे, १८ बाइट. रोमन लिपीत तेच नाव ६ बाइटांत मावते. बाइट मोजणाऱ्या १६च्या रकान्यात त्याचे ‘बेंबळ’ होते, आणि कापणारा निष्काळजी असेल तर शेवटी एक भंगलेला बाइटही लोंबत राहतो. (२०२३मध्ये ‘उस्मानाबाद’चे ३० बाइट जाऊन ‘धाराशिव’चे २१ आले, तेवढीच काटकसर!)

हा किस कशासाठी, असे कोणी विचारील. २०२३मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यातील निजामकालीन उर्दू, फारसी आणि मोडी दप्तरे कुणबी नोंदींसाठी उघडली गेली. कोण्या कारकुनाने पूर्वी लिहिलेल्या एका शब्दावर आजच्या माणसाचा दाखला अवलंबून होता. आजच्या नोंदीही कधीतरी अशाच उघडल्या जातील.

म्हणून यंत्राने नकार द्यावा, निमूट कापू नये, या मताचे आम्ही आहोत. मात्र नकाराने प्रश्न मिटतो असे नाही. रकाना आखणाराने लांबी आधीच मराठीच्या मापाने ठरवायला हवी होती. ती नसेल, तर खिडकीबाहेर रांग वाढत असताना नोंद घेणारा माणूस लांब आडनाव स्वतःच आखडते घेतो. यंत्राला ते पूर्ण वाटते, कारण पुढे दोन दंड ओढायचे त्याला कोणी शिकवलेले नसते.