शिल्पमय आसने : कलेला आरामाची जोड

खुर्ची ही शिल्पाच्या सर्वांत जवळ जाणारी घरगुती वस्तू. तिला पाय, पाठ आणि हात असतात. माणसाच्या देहाचीच ती एक प्रतिकृती. त्यामुळे लाकूड कोरणाऱ्याला ती नेहमीच खुणावत आली आहे. मात्र मूर्ती केवळ पाहिली जाते, तर आसनावर बसावे लागते. ज्या खुर्चीवर अर्धा तासही स्वस्थ बसता येत नाही, ती दिवाणखान्याच्या कोपऱ्यात शोभेपुरती उरते आणि पुढच्या पिढीत जुन्या बाजारात जाते. सौंदर्य आणि सुख यांचा हा मेळ भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील कारागिरांनी अनेक शतके आपापल्या परीने साधला आहे.

तापीकाठची परंपरा

सुरत जिल्ह्यातील कामरेज हे तापीकाठचे गाव एकेकाळी बडोद्याच्या गायकवाडांच्या नवसारी प्रांतात मोडत असे. आज महामार्गालगत वेगाने वाढलेल्या या परिसराला लाकूडकामाचा मोठा वारसा लाभला आहे. दक्षिणेकडे डांगची सागवनी जंगले आणि शेजारी सुरतसारखे बंदर, असा दुहेरी लाभ येथील कारागिरांना मिळाला. सुरतचे 'सादेली' काम प्रसिद्ध आहे. लाकूड, शिंग, हस्तिदंत आणि धातू यांच्या बारीक काड्या एकत्र चिकटवायच्या, त्या जुडीचे आडवे पातळ काप काढायचे आणि ते लाकडावर बसवायचे, अशी ही पद्धत. नक्षी पृष्ठभागात मिसळून जाते. हाताला उंचवटा लागत नाही. आता वन्यजीव कायद्यामुळे हस्तिदंताचा वापर बंद झाला आहे.

बडोद्याचे महाराज सयाजीराव तिसरे यांनी १८९० साली कलाभवनाची स्थापना केली. तिचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे सुरतच्या सुतार समाजातले. कारागिराला केवळ हातोटी नव्हे, तर शास्त्रही मातृभाषेतून मिळाले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

संखेड्याचा लाखरंग

पूर्वीच्या बडोदा संस्थानातीलच संखेडा हे गाव आज छोटाउदेपूर जिल्ह्यात आहे. तेथील खरादी कारागीर सागाचे पाय, दांडे आणि कठडे चरकावर गोल कातून घेतात. त्यावर कथलाच्या वर्खापासून केलेल्या रंगाने वेलबुट्टी रेखली जाते, अकीकाच्या दगडाने ती घोटली जाते आणि वर लाखेचा थर चढतो. पारदर्शक लाखेखालची रुपेरी नक्षी सोन्यासारखी झळकते. अखेरीस केवड्याच्या पानाने तकाकी आणली जाते.

येथील झोपाळे, पाळणे आणि खुर्च्या दिसायला भरजरी असल्या, तरी कातीव कामामुळे त्यांना टोकदार कडा नसतात. मनगट टेकले, कपडा घासला, तरी काही टोचत नाही. सरळ पाठीची उणीव गादी आणि लोड भरून काढतात.

गोव्याचा धडा

गोव्यातील इंडो-पोर्तुगीज लाकूडकाम हे शिल्पमय फर्निचरचे ठळक उदाहरण. सतराव्या शतकातील 'कोंतादोर' या अनेक खणांच्या कपाटांचे पाय पुष्कळदा नागकन्या किंवा जलपरी यांच्या आकृतींत कोरलेले आढळतात. कपाटावर कोणी बसत नाही, म्हणून कारागिराला तेथे पूर्ण मोकळीक होती.

खुर्चीच्या बाबतीत मात्र त्याने हात आवरला. जुन्या गोमंतकीय घरांतील शिसवी खुर्च्यांत दाट कोरीवकाम पाठीच्या माथ्यावर, पुढच्या पट्टीवर आणि पायांवर असते. बैठक आणि पाठीचा मधला भाग वेताने विणलेला असतो. वेत शरीराच्या भाराने किंचित लवतो, हवा खेळू देतो आणि दमट हवेत घाम साचू देत नाही. लांब हातांची 'वोल्तेर' आरामखुर्ची याच विचाराची पुढची पायरी होय. बाल्कांवमधील 'सोपो' तर घराच्या बांधकामाचाच भाग. त्याची बैठक दगडाची असली, तरी संध्याकाळच्या वाऱ्याची आणि गप्पांची सोय त्याने पिढ्यान्‌पिढ्या केली.

याउलट अधिकार मिरवण्यासाठी घडवलेली उंच पाठीची आसने पाहणाऱ्यावर दरारा बसवतात, पण पाठीला विसावा देत नाहीत. तेथे अस्वस्थता हाच रचनेचा भाग असतो.

देहाचे गणित

सर्वसाधारण खुर्चीच्या बैठकीची उंची ४० ते ४५ सेंटिमीटर असावी लागते, म्हणजे पावले जमिनीवर सपाट टेकतात. बैठकीची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटांचे अंतर हवे. नाहीतर पायांना मुंग्या येतात. पाठ ९५ ते ११० अंशांत कललेली असावी आणि कमरेच्या खोलगट भागाला आधार मिळावा. परदेशी मापांची आसने सरासरी भारतीय बांध्याला अनेकदा उंच पडतात. राष्ट्रीय डिझाइन संस्थेने भारतीय शरीरमापांचा ग्रंथ १९९७ साली प्रसिद्ध केला, तो याच गरजेतून.

ही संस्था चार्ल्स व रे ईम्स यांच्या १९५८ च्या अहवालानंतर १९६१ साली अहमदाबादेत उभी राहिली. १९६४ साली जपानी वंशाचे अमेरिकन काष्ठकलाकार जॉर्ज नाकाशिमा तेथे आले. लाकडाचे मूळ रेषांकन आणि नैसर्गिक कड यांनाच त्यांनी अलंकार मानले. चंदीगडसाठी पिएर जानेरे यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेल्या सागवनी खुर्च्यांतही पायांचा आकार शिल्पासारखा ठसठशीत, तर बैठक मात्र आपल्या ओळखीच्या वेताचीच आहे.

कलेची जागा कोणती?

या सर्व उदाहरणांतून एक सूत्र दिसते : देह जेथे टेकतो तेथे आकार मऊ आणि शांत असावा, दृष्टी जेथे टेकते तेथे कलेला वाव द्यावा. नव्या रचनाकाराने रेखाटनावर न थांबता आधी साध्या लाकडाचा पूर्ण मापाचा नमुना करावा, वेगवेगळ्या उंचीच्या माणसांना त्यावर बसवावे आणि मगच पटाशी हाती घ्यावी. ग्राहकानेही खुर्ची केवळ छायाचित्र पाहून न घेता तिच्यावर काही वेळ बसून पाहावे. जुन्या घरातील खुर्चीचा वेत तुटला, तर ती टाकून देण्यापूर्वी विणकर शोधावा. एक खुर्ची पुन्हा विणली गेली, की तिच्याबरोबर एका कारागिराचा हातही चालता राहतो.