‘जाऊ दे’ म्हणण्याचा इतिहास

आपल्या मोहल्ल्यात एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. मुलगी कामावरून रडत घरी आली आणि सुपरवायझरने काय केलं ते तिने सांगितलं, की खाला म्हणते, ‘जाऊ दे बेटी, इज्जतीचा सवाल आहे.’ वाक्य मायेने म्हटलेलं असतं. पण त्याची किंमत काय, हे आम्हा खान्देशी लोकांना तरी ठाऊक असायला हवं.

१९९४ साली जळगावचं नाव देशभर झालं ते केळीमुळे किंवा सोन्यामुळे नव्हे. मुली आणि बायकांना जाळ्यात ओढायचं, फोटो काढायचे, मग त्या फोटोंच्या धाकावर त्यांचं शोषण करायचं, असं प्रकरण उघड झालं. आरोपींमध्ये वजनदार माणसांची नावं आली. पण उघडपणे तक्रार द्यायला फार थोड्या जणी पुढे आल्या, आणि पुढे अनेक आरोपी सुटले. बदनामी मात्र बायकांच्या वाट्याला आली. हे प्रकरण नोकरीच्या जागेपुरतं नव्हतं, तरी धडा तोच आहे. गुन्हेगाराची भिस्त पीडितेच्या गप्प बसण्यावर असते.

तेव्हा कायदा तरी काय होता? १८६० च्या भारतीय दंड संहितेतली विनयभंगाची ३५४ आणि ५०९ ही कलमं. म्हणजे थेट पोलीस चौकी, नाहीतर काहीच नाही. नोकरी टिकवून, मालकाला जाब विचारता येईल असा मधला रस्ताच नव्हता.

तो रस्ता राजस्थानातल्या भटेरी गावच्या एका बाईमुळे निघाला. भंवरीदेवी ही सरकारी कार्यक्रमातली ‘साथिन’. बालविवाह रोखणं हे तिचं काम. त्याचाच राग धरून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. ती गप्प बसली नाही. १९९५ मध्ये खालच्या कोर्टाने बलात्काराच्या आरोपातून सर्वांना सोडलं. पण काम करताना बाईवर असा प्रसंग आला तर जबाबदार कोण, हा प्रश्न घेऊन महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ निकाल आला. निकाल देणाऱ्या तीन न्यायमूर्तींत सुजाता मनोहर होत्या, मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश. प्रत्येक कामाच्या ठिकाणी तक्रार समिती हवी, असं न्यायालयाने बजावलं.

बजावलं, पण पाळलं कोणी? इथे पुण्याचा धागा येतो. ‘आलोचना’ या संस्थेच्या मेधा कोटवाल लेले यांनी, समित्या कागदावरच आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून कळवलं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. २००४ मध्ये आदेश झाला की समितीचा अहवाल हा शिस्तभंगाच्या कारवाईसाठी चौकशी अहवालच धरायचा. १९ ऑक्टोबर २०१२ रोजी अंतिम निकाल आला आणि २०१३ मध्ये संसदेने कायदा केला. तो ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे.

या कायद्याने हातात काय दिलं? दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी आणि तिची अध्यक्ष बाईच हवी. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. लिहिता येत नसेल तर समितीनेच मदत करायची. चौकशी ९० दिवसांत संपवायची. तोवर बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. नाव गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. आरोप सिद्ध झाला नाही, एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. बुजुर्ग मध्ये पडून मालकाकडून काही रक्कम ठरवतात, हेही आपण पाहतो. कायदा म्हणतो, समेट बाईने मागितला तरच, आणि तोही पैशांवर नाही.

पण धुळ्याच्या पॉवरलूमवर, जळगावच्या छोट्या डाळ मिलमध्ये किंवा डॉक्टरच्या दवाखान्यात दहा माणसं नसली तर? किंवा मालकाविरुद्धच तक्रार असली तर? त्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. घरकाम करणाऱ्या बाईलाही तीच. गोवा विद्यापीठातून सुरू झालेल्या एका खटल्यात ३ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की प्रत्येक जिल्ह्यात ही समिती नेमा. या समितीवरच्या सामाजिक संस्थांमधून घेतलेल्या सदस्यांत निदान एक बाई अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग किंवा अल्पसंख्याक समाजातली असलीच पाहिजे, असं कायद्यात लिहिलं आहे. आपल्या जिल्ह्यात त्या खुर्चीवर कोण बसलं आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी कलेक्टर कचेरीत जाऊन विचारलं?

पोलिसांचा रस्ताही खुला आहे, दोन्ही एकाच वेळी चालतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ लागतं. नको असलेला स्पर्श, लैंगिक मागणी किंवा अश्लील चित्रं दाखवणं यासाठी तीन वर्षांपर्यंत, अश्लील शेऱ्यांसाठी एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा कोर्टातलं विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही.

हा सगळा इतिहास ‘जाऊ दे’ न म्हणणाऱ्या बायकांनी घडवला. भंवरीदेवीला स्वतःला त्याचा फायदा फारसा झाला नाही, पण तिच्यामागे आलेल्या कोट्यवधींना दार मिळालं. तेव्हा उद्या घरातली मुलगी रडत आली, तर आधी तिला पाणी द्या, तिचं ऐका. मग वही पुढे करा आणि तारीख, वेळ, जागा, शब्द, कोण हजर होतं, सगळं लिहून घ्या. मोबाइलवरचे मेसेज पुसू देऊ नका. पुढे जायचं की नाही ते ती ठरवेल. इज्जत गेलीच असेल तर ती त्याची गेली आहे, तिची नाही.