राउटरचा शेजारधर्म

जालना जिल्ह्यातील भोकरदन, मंठा किंवा घनसावंगी येथील तहसील कार्यालयातून निघालेली माहिती एका उडीत मुंबईला पोहोचत नाही. स्टेट वाइड एरिया नेटवर्क, म्हणजेच 'स्वान' या योजनेस केंद्र सरकारने मार्च २००५ मध्ये मंजुरी दिली. महाराष्ट्रात या जाळ्याची रचना तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य मुख्यालय अशा पायऱ्यांनी करण्यात आली. अशा जाळ्यात प्रत्येक पायरीवर माहितीला पुढची वाट दाखविणारे यंत्र, म्हणजे राउटर असतो.

ही वाट हाताने लिहून ठेवता येते. मात्र रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली, तर दुसरी वाट उपलब्ध असूनही कोणीतरी नोंद बदलेपर्यंत माहिती अडून राहते आणि दाखल्यासाठी आलेला माणूस खिडकीसमोर ताटकळतो. म्हणूनच शेजारच्या राउटरांनी परस्परांना वाटांची खबर देत राहावी, अशी व्यवस्था केली जाते. या देवाणघेवाणीचे नियम म्हणजे राउटिंग प्रोटोकॉल, आणि दोन शेजाऱ्यांमधील चालू संवाद म्हणजे सत्र.

एकाच संस्थेच्या जाळ्यात बहुधा ओएसपीएफ हा प्रोटोकॉल वापरतात. त्यात राउटर साधारणतः दर १० सेकंदांनी 'हॅलो' संदेश पाठवितो. ४० सेकंद तो आला नाही, तर शेजारी गेला असे मानले जाते. शेजार जुळण्यासाठी दोन्हीकडील क्षेत्र क्रमांक, सबनेट मास्क, हे कालावधी आणि सांकेतिक शब्द सारखे असावे लागतात. राउटरचा ओळख क्रमांक मात्र वेगळा हवा. पाकिटाच्या कमाल आकाराची मर्यादा, म्हणजे एमटीयू, दोन्हीकडे भिन्न असेल, तर शेजारी एकमेकांना दिसतात. पण संवाद अर्ध्यावरच अडकतो.

दोन स्वतंत्र संस्थांची जाळी जोडताना बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, म्हणजे बीजीपी, लागतो. १९८९ मध्ये प्रथम मांडलेल्या या प्रोटोकॉलची चौथी आवृत्ती आज जगभर वापरात आहे. येथे शेजारी आपोआप सापडत नाही. त्याचे नाव-गाव दोन्ही बाजूंनी लिहावे लागते. उदाहरणादाखल, जालन्यातील राउटरचा पत्ता १९२.०.२.१ व जाळे क्रमांक ६४५१३, आणि छत्रपती संभाजीनगर येथील राउटरचा पत्ता १९२.०.२.२ व जाळे क्रमांक ६४५१२ आहे, असे समजू. जालन्याच्या राउटरवर दुसऱ्याचा पत्ता व क्रमांक नोंदवायचा आणि तिकडे जालन्याचा. एका बाजूचा एक आकडा चुकला, तरी सत्र उभे राहत नाही.

हे सत्र टीसीपीच्या १७९ क्रमांकाच्या पोर्टवरून चालते. त्यामुळे पलीकडचा पत्ता गाठता येतो का आणि मधल्या फायरवॉलने हे पोर्ट अडविलेले नाही ना, हे आधी तपासावे. संवाद थांबल्यावर किती वेळ वाट पाहायची, हा कालावधी मात्र जुळलाच पाहिजे असे नाही. दोहोंपैकी लहान आकडा ग्राह्य धरला जातो. पडद्यावर 'ॲक्टिव्ह' दिसले म्हणून नवखा तंत्रज्ञ निर्धास्त होतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ राउटर अद्याप जोडणीचा प्रयत्न करीत आहे, एवढाच. 'एस्टॅब्लिश्ड' ही स्थिती आल्यावरच सत्र जुळले असे समजावे.

परंतु सत्र जुळले की काम संपले, हा समज धोक्याचा आहे. बीजीपी मुळात शेजाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशांतर्गत बंदीसाठी यूट्यूबच्या पत्त्यांची वाट आपल्याकडे वळविली आणि ती घोषणा देशाबाहेर गेली. यूट्यूब १,०२४ पत्त्यांचा गट जाहीर करीत होते. पाकिस्तानची घोषणा त्यातील २५६ पत्त्यांची होती. नेमकी, म्हणजे लहान गटाची वाट राउटर आधी निवडतो. पलीकडच्या सेवादाराने ती न तपासता पुढे पाठविली आणि सुमारे दोन तास जगाच्या मोठ्या भागात यूट्यूब दिसेनासे झाले.

म्हणून प्रत्येक शेजाऱ्याकडून कोणते पत्ते स्वीकारायचे व त्याला कोणते सांगायचे, याची यादी सत्रासोबतच लिहावी. स्वीकारायच्या वाटांना कमाल मर्यादा घालावी. महाजालातील आयपीव्ही४ वाटांची संख्या आता नऊ लाखांच्या पुढे गेली असून, चुकून त्या सर्व आल्यास लहान राउटर कोलमडू शकतो. सत्राला सांकेतिक शब्द द्यावा. अशी यादी नसल्यास संस्थाबाह्य शेजाऱ्याशी वाटांची देवाणघेवाणच होऊ नये, असा दंडक २०१७ मध्ये प्रमाणित झाला; मात्र सर्वच राउटर तो आपोआप पाळत नाहीत. पत्त्यांचा खरा धारक कोण, हे डिजिटल स्वाक्षरीने पडताळणारी 'आरपीकेआय' व्यवस्थाही उपलब्ध आहे.

बदल करण्यापूर्वी जुन्या मांडणीची प्रत जपून ठेवावी आणि जोडणी तुटल्यास राउटरपर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्ग हाताशी असावा. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी देखभालीच्या एका आज्ञेने फेसबुकची अंतर्गत जोडणी तुटली आणि नावांवरून पत्ते सांगणाऱ्या त्यांच्या सर्व्हरच्या वाटा महाजालातून मागे घेतल्या गेल्या. दूरवरून दुरुस्ती अशक्य झाल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष यंत्रांपाशी जावे लागले आणि सेवा सुमारे सहा तास बंद राहिली. तालुक्याच्या राउटरवर अशी चूक झाली, तर तंत्रज्ञ जालन्याहून मंठ्याला पोहोचेपर्यंत तेथील खिडकी बंदच राहील.