सोलाण्याची मूठ

सोलाण्यावर काय लिहायचं, असं म्हणाल. पण माझ्या स्वयंपाकघरातली ही सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि तिला चक्क इतिहास आहे!

गलोलीच्या बेचक्यासारखं दिसतं ना, त्या सोलाण्याचा मूळपुरुष स्वित्झर्लंडचा 'रेक्स'. आल्फ्रेड नेवेचेर्झाल यांनी १९४७ साली त्याचं पेटंट घेतलं. अॅल्युमिनियमची वाकवलेली पट्टी आणि मध्ये डुलणारं पातं, बस्स. पातं बटाट्याच्या उंचवट्यांबरोबर वळतं, म्हणून साल पातळ निघते. २००४ मध्ये तिथल्या टपाल खात्याने त्याच्यावर तिकीटही काढलं.

पण बारीक मूठ दुखऱ्या बोटांना रुततेच. अमेरिकेतल्या बेट्सी फार्बर यांना संधिवात होता. सफरचंदं सोलताना त्यांचा हात दुखायचा. त्यातून जाड, रबरी मुठीचं सोलाणं आलं, 'ऑक्सो' नावाने, १९९० मध्ये. गोष्ट सांगतात ती मात्र अशी, की नवरा सॅम यांनी बायकोचे हाल पाहिले आणि त्यांना कल्पना सुचली. बेट्सी स्वतः वास्तुविशारद. कल्पना माझीच होती, पण लोक माझा संधिवात तेवढा लक्षात ठेवतील, अशी खंत त्यांनी पुढे बोलून दाखवली. मला हे फार लागलं. जिचा हात रोज सोलतो, तिला मूठ कशी हवी हे कळणार नाही?

आमच्या आत्याने सोलाण्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली होती. तिच्याकडे राहिलेल्यांना आठवत असेल. ओल्या हातातूनही निसटायचं नाही ते.