नेमावर घेतलेला आळ

नेमाने केलेली प्रार्थना हळूहळू मनातून उतरते आणि नुसती ओठांवर उरते, असे आपल्या मंडळ्यांतून हल्ली बरेच ऐकू येते. ठरल्या वेळचे शास्त्रवाचन, ठरलेले उपास, न चुकता उपासनेला जाणे हे सारे परूशीपण. खरी निष्ठा आत्म्याच्या प्रेरणेने चालते, घड्याळाने नव्हे. हे मत पोकळ नाही. पौलाचे गलतीकरांस पत्र त्याच्या बाजूने उभे करता येते. पाल्हाळिक प्रार्थनांवर खुद्द येशूने ताशेरे ओढले आहेत. आठवड्यातून दोनदा उपास करणारा परूशी नीतिमान ठरला नाही, ऊर बडवणारा जकातदार ठरला. तारण कृपेने होते, नेमाने नाही, हे मलाही पूर्ण मान्य आहे.

पण वाद तारणाचा नाहीच. तारण झालेला माणूस टिकतो कशाने, हा आहे.

परूशाची चूक कोणती? उपास केला ही, की देवासमोर त्याची फुशारकी मारली ही? दाखला गर्वावर आहे. मत्तयाच्या ज्या सहाव्या अध्यायात पाल्हाळाचा निषेध आहे, तिथेच उपास कसा करावा हेही येशू सांगतो. सोडा म्हणत नाही.

त्याचा स्वतःचा शिरस्ता काय होता? शब्बाथ दिवशी सभास्थानात जाणे ही त्याची रीतच होती, असे लूक नोंदवतो. अटकेच्या रात्री तो जैतुनांच्या डोंगरावर गेला, तोही नेहमीप्रमाणे. यहूदाला त्याला अंधारात हुडकत फिरावे लागले नाही. येशू शिष्यांसह तिथे वारंवार जात असे, म्हणून जागा त्याला ठाऊक होती. जिवावर बेतले असतानाही ज्याने नेहमीची जागा टाळली नाही, त्याच्या नावाने नेमाला नावे ठेवायची?

यहूदाही त्याच नेमात होता, असे कोणी म्हणेल. होता. नेम निष्ठा जन्माला घालतो असा माझा दावा नाही. पण त्याच रात्री भावनेचे काय झाले, तेही पाहा. पेत्राएवढा उमाळा कोणाला होता? तुमच्याबरोबर मरायलाही तयार आहे, असे तो बोलून बसला होता. गेथशेमानेत त्याच्याने घटकाभर जागवले नाही आणि कोंबडा आरवण्याआधी तीन नकार झाले. उमाळा खोटा नव्हता. अपुरा होता.

प्रतिपक्षाचा हुकमी एक्का म्हणजे पन्नासाव्या दिवशी उतरलेला आत्मा. तो प्रसंग प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात येतो. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभीच पेत्र आणि योहान दुपारी तीनच्या प्रार्थनेची वेळ गाठायला मंदिराकडे निघाले आहेत. आत्म्याने त्यांची वेळ मोडली नाही.

आपल्याकडे केडगावच्या मुक्ती मिशनमधले १९०५ चे संजीवन असेच रंगवून सांगितले जाते. सांगावे. पण पंडिता रमाबाईंची त्यानंतरची वर्षे कशात गेली? हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात. ऐकू येणे कमी झालेले, संस्थेचा व्याप डोक्यावर. एकेक वचन मुळाशी ताडायचे, मिशनमधल्या स्त्रियांनी खिळे जुळवायचे, मुद्रिते यायची, ती पुन्हा तपासायची. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या आणि संपूर्ण बायबल पुढे मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. मनोरमा गेल्यानंतर कोणत्या उमाळ्याने त्या मुद्रितांपुढे बसल्या असतील? संजीवनाची आठवण एवढ्या कामाला पुरली असती, असे कोणी पुराव्यानिशी दाखवले तर मी माझे म्हणणे मागे घेईन.

निवाडा वाचकांनी करावा. मात्र त्याआधी कृत्यांचा दुसरा अध्याय वाचून पुस्तक मिटू नये, तिसराही वाचावा.