बेचिराग गावाचा मूळपुरुष

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, मिसिसिपी आणि इलिनॉय या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, बॅरी या छोट्या शहरालगतच्या शिवारात न्यू फिलाडेल्फियाची पाटी आहे. गाव नाही. घरं गेली, रस्ते नांगराखाली गेले. गाव वसवणाऱ्याच्या मानाची पाटी एरवी नांदत्या गावाच्या वेशीवर लागते. इथे गाव मोडून शंभरावर वर्षं उलटल्यानंतर ती लागली.

वसवणारा फ्रँक. जन्म 1777चा, दक्षिण कॅरोलायनातला, गुलामीतला. पुढे मालकाबरोबर तो केंटकीत आला. मालकाला ठरलेली रक्कम देऊन उरलेल्या वेळात स्वतःची कमाई करायची मुभा त्याने मिळवली. 1812च्या युद्धात बंदुकीच्या दारूला सोऱ्याची मागणी वाढली, तसा तो गुहांतली माती उकळून सोरा काढू लागला. त्या पैशांतून 1817 साली त्याने 800 डॉलर भरले आणि सोडवलं ते बायकोला, लूसीला. ती गरोदर होती, आणि कायद्याने मूल आईच्या दर्जाचं: आई मुक्त, तर मूलही जन्मतः मुक्त. स्वतःसाठी तेवढेच 800 त्याने दोन वर्षांनी मोजले.

काही मुलं, सुना, नातवंडं अजून गुलामीतच होती. 1830 साली केंटकी सोडून तो इलिनॉयला निघाला आणि पाइक काउंटीत येऊन शेती करू लागला. 1836 साली आपल्या जमिनीचा काही भाग मोजून, 144 प्लॉट पाडून त्याने गावाचा नकाशा रीतसर नोंदवला. प्लॉट गोऱ्यांनीही घेतले, काळ्यांनीही. दोघं शेजारी राहिले. गुलामीला मुभा देणारं मिसुरी राज्य पश्चिमेला नदीपलीकडेच होतं, हे लक्षात घेतलं की या शेजाराचं मोल कळतं.

व्यवहार करायचा तर कोर्टात उभं राहायचा हक्क हवा. 1837 साली राज्याच्या विधिमंडळाने खास कायदा करून त्याला तो दिला, आणि मॅक्वॉर्टर हे आडनावही. म्हणजे गाव आधी वसलं, वसवणाऱ्याला आडनाव मागाहून मिळालं.

1854 साली तो गेला, तरी मृत्युपत्रानुसार घरची माणसं सोडवण्याचं काम चालूच राहिलं. स्वतःसह सोळा जण मुक्त झाले.

1869 साली रेल्वे गावाला वळसा घालून उत्तरेकडून गेली. व्यापार तिच्या मागे गेला, मग माणसं. 1885 साली गावाचा कायदेशीर दर्जाही संपला.

ही कथा पुन्हा उजेडात आली ती त्याच्याच वंशातल्या इतिहासकार ज्युलिएट वॉकर यांच्यामुळे. त्यांचं पुस्तक 1983 साली आलं. फ्रँकची कबर 1988 साली ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेली. 2002पासून पुरातत्त्वज्ञांनी शेतात फिरून खापरं, काचा, खिळे वेचले, मग उत्खनन करून घरांच्या जागा निश्चित केल्या. 2009 साली ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली, आणि 2022च्या डिसेंबरात राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात द्यायचा कायदा झाला.

यादवी युद्धापूर्वी आफ्रिकी-अमेरिकन माणसाने नकाशासह नोंदवलेलं पहिलं ज्ञात गाव, अशी त्याची ओळख दिली जाते. मला मात्र ‘पहिलं’ या शब्दापेक्षा 1817च्या त्या 800 डॉलरांचं मोल जास्त वाटतं. फ्रँकने आधी लूसीला सोडवलं, मग स्वतःला. आणि गाव वसवलं तेही उरलेल्यांना सोडवण्यासाठी. त्याच्यानंतर सोळा वर्षं ती जगली. संस्थापकाच्या पाटीवर तिचंही नाव त्याच्याइतक्याच ठळक अक्षरांत हवं.